मराठवाड्यात नवशिक्या फिगर स्केटरांसाठी स्पर्धामालिका कशी भरवावी

मराठवाड्यात बहुतेकांना बर्फ दिसतो तो रसवंतीच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. त्यामुळे फिगर स्केटिंगची स्पर्धामालिका भरवायची म्हटले की पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा, आणि तो सुरुवातीलाच निकाली काढलेला बरा. बर्फाची पूर्ण मापाची रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. तीन सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर तिला सुमारे ५० हजार लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जी पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे अख्ख्या रिंकचे पाणी एका वाघिणीत मावते. खरी अडचण पाण्याची नाही. बाहेर पारा ४२ अंशांवर असताना ते पाणी रात्रंदिवस गोठलेले ठेवण्यासाठी लागणाऱ्या यंत्रांची आणि विजेची आहे, आणि ती नवशिक्या मुलांच्या प्रवेशशुल्कातून सुटणारी नाही.

म्हणून या लेखात चाकांवरचे फिगर स्केटिंग, म्हणजे आर्टिस्टिक रोलर स्केटिंग, गृहीत धरले आहे. सालकोव, टो लूप, अ‍ॅक्सेल ही उड्यांची नावे बर्फावर आणि चाकांवर तीच आहेत, आणि जमिनीवर पक्का झालेला तोल पुढे बर्फावर जाणाऱ्याच्याही उपयोगी पडतो. शिवाय या प्रकारात भारताने नाव मिळवलेले आहे: हैदराबादच्या अनुपकुमार यामा याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत एकेरीत कांस्यपदक मिळवले आणि अवनी पांचाळ हिच्याबरोबर जोडी प्रकारातही. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परीक्षक किंवा पाहुणा प्रशिक्षक शोधताना फक्त पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही.

एका दिवसाची स्पर्धा न भरवता मालिका भरवावी, असे मी आग्रहाने सांगतो. या खेळात मूल एकटे, सगळ्यांच्या नजरेसमोर, संगीतावर सुमारे एक मिनिट सादरीकरण करते. शर्यतीत शेजारी दहा जण धावत असतात, पडले तरी गर्दीत खपून जाते. इथे ते खपत नाही. वर्षातून एकदाच असा एक मिनिट वाट्याला आला आणि त्यात पाय घसरला, तर पुढच्या वर्षी ते मूल परत येईलच याची खात्री नसते. एका हंगामात चार फेऱ्या असल्या, तर पहिल्या फेरीतले रडणे तिसऱ्या फेरीपर्यंत घरातल्या थट्टेचा विषय होते.

पहिले काम: पातळ्या

तारीख, जागा, पाहुणे यांपैकी काहीही ठरवण्याआधी सहभागी क्लबांच्या प्रशिक्षकांना एकत्र बसवून पातळ्या लिहून काढाव्यात. वयोगट पाडणे सोपे वाटते, पण नवशिक्यांच्या स्पर्धेत त्यातून अन्याय होतो, कारण बारा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा चाकांवर उभी राहिलेली असू शकते आणि सात वर्षांचा मुलगा चार वर्षे शिकत असू शकतो. आधी पातळी पाहावी, मग त्या पातळीच्या आत वयाने सारखी असलेली मुले एका गटात घ्यावीत, आणि एका गटात सहापेक्षा जास्त मुले ठेवू नयेत. सहांच्या गटात शेवटचा आलेला सहावा असतो. पंचवीसच्या गटात तो पंचविसावा असतो.

चार पातळ्या पुरेशा आहेत. पहिल्या पातळीत संगीत ठेवू नये. दोन्ही पायांवर सरळ सरकत जाणे, पाय बाहेर नेऊन पुन्हा जवळ आणत जमिनीवर लिंबाचा आकार काढत पुढे जाणे, खाली बसून उठणे आणि सांगितलेल्या रेषेपाशी थांबणे, एवढेच परीक्षकांसमोर करून दाखवायचे. दुसऱ्या पातळीत वळणावर पायावरून पाय टाकणे, एका पायावर सरकणे आणि उलटे जाणे यावे, आणि इथून पुढे संगीत असावे. तिसऱ्या पातळीत थ्री टर्न (एकाच पायावर पुढून उलटे वळणे), मागचा पाय कमरेच्या उंचीपर्यंत नेऊन धरलेला स्पायरल, दोन पायांवरची फिरकी आणि अर्ध्या फेऱ्याची वॉल्ट्झ उडी घ्यावी. एका पायावरची फिरकी आणि सालकोव व टो लूप या एका फेऱ्याच्या उड्या चौथ्या पातळीत येतात. अ‍ॅक्सेल दीड फेऱ्याची असते. ती ज्याला येते तो नवशिका राहिलेला नाही आणि या मालिकेत त्याने उतरू नये.

यासोबत दोन नियम लिहून ठेवावेत, नाहीतर दुसऱ्या फेरीपासून भांडणे सुरू होतात. एक, वरच्या पातळीतली उडी खालच्या पातळीत केली तर तिचे गुण मिळणार नाहीत, उलट कापले जातील. हा नियम पालकांना विचित्र वाटतो. पण तो नसेल तर पोरे अर्धवट जमलेल्या उड्या मारून मनगटे मोडून घेतात आणि ज्याने आपल्या पातळीतली साधी गोष्ट नेटकी केली तो मागे पडतो. दोन, एका हंगामात ज्याचा दोनदा पहिला क्रमांक येईल त्याने पुढच्या फेरीत वरच्या पातळीत जावे. पदकासाठी मुलाला मुद्दाम खाली ठेवणारे प्रशिक्षक सगळीकडे असतात, आणि त्यांना समजावत बसण्यापेक्षा नियम दाखवणे सोपे जाते.

जागा: चातुर्मासातले मंगल कार्यालय

वर्ल्ड स्केट या चाकांवरच्या खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मोठ्या स्पर्धांची रिंक ५० मीटर बाय २५ मीटर असते. नवशिक्यांना इतकी जागा दिली तर निम्मी वापरलीच जात नाही. वीस मीटर लांब आणि दहा-बारा मीटर रुंद मोकळी, सपाट, कोरडी जागा पहिल्या तीन पातळ्यांना भरपूर होते. अशी जागा मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असते आणि वर्षातले काही महिने रिकामी पडून राहते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, चातुर्मासात, लग्ने नसतात. मंगल कार्यालयांचे भाडे त्या काळात बोलून कमी करून घेता येते आणि नेमके त्याच दिवसांत पावसामुळे उघड्या रिंक बिनकामाच्या असतात. छत, पंखे, ध्वनिव्यवस्था, स्वच्छतागृहे, कपडे बदलायला खोल्या, दुपारच्या वरणभाताला स्वयंपाकघर, सगळे तिथे तयारच असते.

मात्र जागा पाहायला जाताना स्केट्स घालून जावे. नुसत्या डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन चाकांना सपाट लागत नाही. घोटून गुळगुळीत केलेले काँक्रीट सर्वांत चांगले, पॉलिश केलेला कोटा त्याच्या खालोखाल. शहाबादी फरशी टाळावी, कारण तिच्या सांध्यांच्या खाचांत चाक अडते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स सपाट असतात, पण कडक चाके त्यांवर घसरतात. तिथेच स्पर्धा घ्यायची झाली तर तसे प्रवेशअर्जातच कळवावे, म्हणजे मुले मऊ चाके लावून येतील. मध्ये खांब असतील तर ते बिछायतीच्या गाद्यांनी माणसाच्या उंचीपर्यंत गुंडाळावेत. स्टेजची कड, पायऱ्या आणि काचेची दारे यांच्यापासून निदान दोन मीटर अंतर सोडून रंगीत चिकटपट्टीने हद्द आखावी.

मालकाला फरशीवर ओरखडे पडण्याची भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. रबराची किंवा पॉलियुरेथेनची चाके फरशी खरवडत नाहीत. खरवडतो तो ढिला होऊन खाली आलेला धुरा किंवा नट, आणि काळे डाग पाडतो तो पुढचा स्टॉपर, म्हणजे बोटांपाशी बसवलेला थांबण्याचा ठोकळा. करारातच लिहावे की प्रत्येक स्केट दाराशी तपासली जाईल आणि काळ्या स्टॉपरऐवजी फिक्या रंगाचे वापरले जातील. बॅडमिंटनच्या लाकडी हॉलची मागणी मात्र करूच नये. तिथे नकार मिळतो आणि तो योग्यच आहे.

तारखा आणि गावे

आठ जिल्ह्यांत चार फेऱ्या बसवायच्या, तर प्रवास हा खर्चाचा सगळ्यात मोठा भाग होतो, आणि तो पालकांच्या खिशातून जातो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेड ही चारही स्थानके मनमाड-नांदेड या एकाच लोहमार्गावर आहेत. परळीकडून येणारा फाटा परभणीला मिळतो. त्यामुळे एक फेरी परभणीला असायलाच हवी. दुसरी लातूरला ठेवावी, म्हणजे धाराशिवच्या आणि अंबाजोगाईकडच्या मुलांना एकदा तरी जवळ पडेल. उरलेल्या दोन जालना किंवा संभाजीनगर आणि नांदेड इथे घ्याव्यात. दर वर्षी गावांचा क्रम बदलावा. नाहीतर एकाच जिल्ह्याला नेहमी घरच्या जमिनीचा फायदा मिळतो.

हंगाम जुलैअखेर सुरू करून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावा. फेब्रुवारीपासून परीक्षा आणि एप्रिल-मेमध्ये ऊन, म्हणून त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन फेऱ्या चातुर्मासात, छताखाली, आणि पुढच्या दोन लग्नसराई सुरू झाल्यावर उघड्या रिंकवर किंवा शाळेच्या सभागृहात. उघड्या रिंकवर डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या आत सुरुवात करू नये. गुळगुळीत सिमेंटवर दव पडलेले डोळ्यांना दिसत नाही, चाकाखाली मात्र लगेच कळते.

पंचांग समोर ठेवूनच तारखा पक्क्या कराव्यात. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत आया घर सोडून येणार नाहीत, आणि त्यांनी यावे अशी अपेक्षाही धरू नये. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुट्टी असते खरी. पण सकाळी ध्वजारोहणामुळे शाळा आणि क्रीडा कार्यालयातील मंडळी गुंतलेली असतात. लातूर आणि धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तर गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे शेतात भज्जी-आंबिलावर असतात. त्या दिवशी लातूरला स्पर्धा ठेवणारा संयोजक नक्कीच बाहेरचा असणार.

अर्ज, परवानग्या आणि एक स्पष्ट सूचना

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या स्केटिंग संघटनेला मालिकेची लेखी माहिती द्यावी, जागामालकाशी लेखी करार करावा. प्रवेशअर्जात जन्मतारीख, पातळी, प्रशिक्षकाची सही, रक्तगट, पालकांचे संमतिपत्र आणि त्या दिवशी हजर राहणाऱ्या मोठ्या माणसाचा दूरध्वनी एवढे असले की पुरते.

याच अर्जावर ठळक अक्षरांत आणखी एक वाक्य छापावे: या मालिकेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण किंवा शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण मिळणार नाही. पालक हा प्रश्न विचारतातच, आणि संयोजक नोंदणी वाढावी म्हणून गुळमुळीत उत्तर देतात. ते मला अप्रामाणिक वाटते. हे वाक्य वाचून काही अर्ज कमी होतील. ते होऊ द्यावेत.

स्केट्स, पोशाख आणि संगीत

नवशिक्याने चार चाकांची क्वाड स्केट घ्यावी, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाके आणि बोटांपाशी स्टॉपर असलेली. शर्यतीची, एका रांगेत चाके असलेली इनलाइन स्केट घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या पातळीत उतरू द्यावे, पण तिसऱ्या पातळीपासून चालवून घेऊ नये. त्या स्केटची बांधणी सरळ वेगासाठी असते आणि तिच्यावर फिरकी घेताना घोट्यावर ताण येतो. लहानमोठी करता येणारी, पट्ट्याने बांधायची स्केट शिकायला चालते, उड्यांना नाही, कारण उडी उतरताना टाच आतल्या आत सरकते. बेअरिंग खराब झाली तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक स्केट्सना ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते, ज्याचे आतले छिद्र ८ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो, आणि ते मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या बाजारात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते.

पहिल्या दोन पातळ्यांना हेल्मेट आणि गुडघे, कोपरे, मनगटे यांची संरक्षके सक्तीची असावीत. मनगटाचे संरक्षक मुले सर्वांत आधी काढून टाकतात, आणि पडताना हात आपोआप पुढे जात असल्यामुळे मोडते तेही बहुधा मनगटच. पोशाख अंगाबरोबर बसणारा, साधा असावा. मणी, टिकल्या, सुटे खडे यांना बंदी घालावी. वाळूच्या कणाएवढा मणी चाकाखाली आला तरी चाक जागीच थांबते आणि मूल पुढे जाते. हेच कारण रांगोळीलाही लागू आहे. स्वागताची रांगोळी दाराबाहेर काढावी, आत नाही. तिची पूड बेअरिंगमध्ये शिरते.

संगीत एक मिनिटाचे असावे, दहा सेकंद कमीअधिक चालतील. गाणे मध्येच कापल्यासारखे संपू नये म्हणून शेवटी आवाज हळूहळू उतरवून घ्यावा. सर्व गाणी स्पर्धेच्या आठ दिवस आधी मागवून, क्रमांक घालून, दोन पेनड्राइव्हवर ठेवावीत. फोनवरून संगीत वाजवू देऊ नये. एका स्पर्धेत मी पाहिले आहे: तिसऱ्या पातळीतली मुलगी स्पायरलमध्ये असताना ज्या फोनवर तिचे गाणे चालू होते त्यावर मामाचा फोन आला. तिने पाय खाली न टेकता, रिंगटोनवर, सादरीकरण पूर्ण केले. परीक्षकांनी तिला पुन्हा संधी देऊ केली, तर ती नको म्हणाली.

परीक्षण: बेरीज नको, क्रम हवा

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये पूर्वी ६.० पैकी गुण देत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून मोठा वाद झाला, आणि त्यानंतर २००४ मध्ये प्रत्येक उडी-फिरकीला वेगळे गुण मोजणारी पद्धत स्वीकारली गेली. चाकांवरही आता रोलआर्ट नावाची तशीच पद्धत आहे. मोठ्या स्पर्धांना ती योग्य आहे. पण तिला संगणक, तांत्रिक पॅनल आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि ज्या मुलाला दोन पायांवरची फिरकी नुकती जमली आहे त्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडण्याची गरज नाही. जुनी ६.० ची पद्धत नवशिक्यांना अजूनही उत्तम आहे, फक्त ती नीट समजून घ्यावी लागते.

तीन परीक्षक बसवावेत. संख्या विषमच असावी. प्रत्येकाने एक गुण तंत्राचा आणि एक सादरीकरणाचा द्यावा. महत्त्वाची गोष्ट अशी की या गुणांची तिघांची मिळून बेरीज करायची नसते. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याच्यापुरता पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावायचा आणि मग बहुसंख्य परीक्षकांनी कोणाला कुठे ठेवले ते पाहायचे. उदाहरणादाखल, समजायला सोपे जावे म्हणून एकेकच गुण धरू. पहिल्या परीक्षकाने अ ला २.९, ब ला ४.५ आणि क ला २.४ दिले, दुसऱ्याने अ ला २.८, ब ला २.५, क ला २.२, तिसऱ्याने अ ला ३.०, ब ला २.८, क ला २.६. बेरीज केली तर ब चे ९.८ होतात आणि अ चे ८.७, म्हणजे ब जिंकतो. पण तिघांपैकी दोघांच्या मते अ पहिला आहे. क्रमाच्या पद्धतीत अ ला दोन पहिले क्रमांक मिळून तोच विजेता ठरतो, ब दुसरा आणि क तिसरा. एका परीक्षकाने लाडक्या विद्यार्थ्याला दोन गुण जास्त दिले तरी त्याचे मत एकच राहते. आपल्याकडे प्रशिक्षकांची संख्या मोजकी असल्यामुळे परीक्षकाच्या खुर्चीत कोणाचा तरी प्रशिक्षक बसणार हे धरूनच चालावे लागते, आणि म्हणून हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. तरीही स्वतःचा विद्यार्थी ज्या गटात आहे तिथे राखीव परीक्षकाने बसावे.

पहिल्या पातळीला मात्र क्रमांक देऊच नयेत. तिथे प्रत्येक कृतीपुढे "जमले", "जवळपास", "सराव हवा" यांपैकी एका ठिकाणी खूण केलेले कार्ड द्यावे. ते कार्ड घरी फ्रीजवर चिकटते आणि पुढच्या फेरीला शेजारी दुसरे येते.

स्पर्धेचा दिवस

वेळेचा हिशेब आधी कागदावर करावा. एक मिनिटाचे सादरीकरण, मुलाचे आत येणे-जाणे आणि परीक्षकांचे लिहिणे मिळून माणशी तीन मिनिटे जातात. साठ मुले म्हणजे तीन तास. सहा-सहांचे दहा गट आणि प्रत्येकाला तीन मिनिटांचा सराव धरला तर आणखी अर्धा तास. नऊला सुरुवात केली तर साडेबाराला स्केटिंग संपते. यात भाषणांना जागा नाही, आणि ती ठेवूही नये. पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे द्यावीत आणि त्यांना बोलायचे असेल तर जेवताना बोलावे. लहान मुले सकाळी आधी घ्यावीत, चौथी पातळी शेवटी.

दाराशी दोन स्वयंसेवक पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसवावेत. चाकाचे नट, स्टॉपर आणि लेस तपासल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. प्रत्येक गटानंतर कोरडा मोप फिरवावा. प्रथमोपचारात बर्फाची पिशवी, क्रेप बँडेज आणि हाताला आधार देणारी झोळी हवीच. मनगट वाकडे दिसले तर ते ओढून सरळ करण्याचा मोह टाळावा, आहे त्या स्थितीत आधार देऊन मुलाला अस्थिरोग तज्ज्ञाकडे न्यावे. कोणते रुग्णालय जवळ आहे आणि रविवारी तिथे डॉक्टर असतात का हे आदल्या दिवशी पाहून यावे, आणि १०८ क्रमांक ध्वनिव्यवस्थेच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावावा.

एखादे मूल मध्येच पडले तर संगीत थांबवू नये. उठून पुढे चालू ठेवणे हाही सादरीकरणाचा भाग आहे आणि मुलांना तो आधीच सांगितलेला असावा. स्केट तुटली तर मात्र परीक्षकाने शिटी वाजवून थांबवावे आणि दुरुस्तीला तीन मिनिटे द्यावीत.

जागा मोकळी असेल तर दुपारी, जेवणानंतर, एक जुनी गंमत मुलांना दाखवावी. खडूला तीन मीटर सुतळी बांधून सहा मीटर व्यासाची दोन वर्तुळे एकमेकांना टेकून काढायची आणि एका पायावर त्या रेषेवरून आठाचा आकडा पुरा करायचा. या खेळाच्या नावातला "फिगर" तो हाच. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ही वर्तुळे १९९० नंतर गेली, चाकांवर ती अजून आहेत. चौथ्या पातळीतली, उडी मारणारी मुलेसुद्धा इथे रेषा सोडतात, आणि दुसऱ्या पातळीतले एखादे शांत पोर ती सोडत नाही.

मालिकेचे गुण

प्रत्येक फेरीत पहिल्याला पाच, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन आणि सादरीकरण पूर्ण करणाऱ्या बाकी सर्वांना दोन गुण द्यावेत. चारपैकी उत्तम तीन फेऱ्या धराव्यात, कारण आजारपण, घटक चाचणी किंवा गावाकडचे कार्य यांमुळे एक फेरी कोणाचीही हुकते. मध्येच पातळी वाढलेल्या मुलाचे आधीचे गुण निम्मे करून पुढे न्यावेत. पूर्ण नेले तर वरच्या गटातल्यांवर अन्याय, शून्य केले तर वर जायला कोणी तयार होत नाही. बरोबरी झाल्यास ज्याने जास्त फेऱ्यांत भाग घेतला तो पुढे, तरीही बरोबरी राहिल्यास दोघांनाही तेच पदक. पहिल्या पातळीच्या मुलांना चारही कार्डे जमल्यावर एक लहान बिल्ला द्यावा.

निकालाचा कागद त्याच दिवशी दाराशी लावावा आणि परीक्षकांचे प्रत्येकी गुण झाकून ठेवू नयेत. आठ दिवसांत प्रत्येक प्रशिक्षकाला त्याच्या मुलांची टिपणे पाठवावीत: कोणाची टाच उचलली जाते, कोण फिरकीत खाली पाहतो, कोणाचे गाणे वयाला जड आहे. पालक आणि मुले निघून गेल्यावर संयोजकांपैकी दोघांनी मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाबरोबर पूर्ण फरशी चालत पाहावी, स्टॉपरचे डाग तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत, अनामत रक्कम परत घ्यावी आणि निघण्याआधी पुढच्या श्रावणातला रविवार बोलून ठेवावा.